आधी झब्बा, मग ब्लाउज

इचलकरंजी

चि. मुक्ता,


मशीन घेतल्याचं दादाने फोनवर सांगितलं. पहिल्यांदा ब्लाउजच शिवणार म्हणून हट्ट धरलायस, हेही त्यानेच सांगितलं. ब्लाउज आत्ता नको, मुक्ता. ते अंगालगत बसतं, त्यामुळे टक्स पाव इंच सरकला तरी चूक लगेच दिसते, आणि ती मापात झाली, कापताना झाली की शिवताना, हे नवख्या माणसाला कळत नाही. क्लासमध्ये सगळ्यांना आधी झबलं शिवायला लावतात, ते उगाच नाही. अर्ध्या मीटर मलमलीत गळा, मुंढे, खांदे, बाजूच्या शिवणी आणि खालची दुमड, सगळं हाताखालून जातं. बिघडलं तर नुकसान थोडं. तुझ्या मैत्रिणीला बाळ व्हायचंय ना? तिला दे.

मशीनशी ओळख व्हायला चार-पाच दिवस पुरतात. सुईत दोरा न ओवता वहीच्या आखीव कागदावर चालवून बघ. मग जुन्या चादरीवर टीप घाल. दोरा ओवताना दाबपट्टी वर उचललेली हवी, नाहीतर तो टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसत नाही आणि कापडाच्या खालच्या बाजूला गुंता होतो. नव्या मुली अशा वेळी बॉबिनला दोष देतात, दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. साध्या सुती कापडाला 14 नंबरची सुई लाव, मलमलीला 11. कोपऱ्यावर वळायचं असेल तर सुई कापडात रुतलेली ठेव, दाबपट्टी उचल आणि कापड फिरव.

खरं शिक्षण मात्र कात्री उचलायच्या आधी होतं. कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री केल्याशिवाय कापू नकोस. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. मग त्याचा उभा धागा ओळख. इथे मागावर कापड विणताना उभे धागे ताणून धरलेले असतात आणि आडवा धागा त्यांच्यातून जातो. म्हणून काठाला समांतर ओढलंस तर कापड फारसं ताणत नाही, आडवं थोडं ताणतं आणि तिरपं धरलंस तर सहज लांबतं. कपड्याचा उभा धागा वरून खाली हवा. गळ्याची पट्टी मात्र मुद्दाम तिरपी, म्हणजे उरेब कापायची, कारण गोलाईवर वळते ती तीच. आणि गळा मापापेक्षा लहानच काप. आत दुमडताना तो वाढतो, आणि मोठा झालेला गळा परत लहान करता येत नाही.

आता स्वतःसाठी पहिला कपडा कुठला? मी सांगेन, जुन्या पद्धतीचा कळीदार झब्बा. हातमागाच्या कापडाचा पन्हा लहान असायचा, त्यातला वीतभर तुकडाही वाया जाऊ नये अशी त्याची बेतणी आहे. मधला पट्टा खांद्यावरून पुढून मागे सरळ जातो. बाह्या म्हणजे नुसते आयत. घेरासाठी बाजूला कळ्या. एक आयत तिरपा कापला की दोन कळ्या निघतात. मुंढ्याची गोलाई कापायचीच नाही, तिच्या जागी काखेत चारेक इंचाचा चौकोनी तुकडा बसतो. तो कर्णावर बसतो, म्हणून हात वर केलास की तिरप्या धाग्यामुळे ताणतो आणि झब्बा अंगासोबत हलतो. हा चौकोन बसवणं हीच त्यातली अवघड जागा. कोपऱ्याच्या अर्धा इंच आधी टीप थांबव, तिथे गाठ पक्की कर आणि पुढची बाजू नव्याने सुरू कर. घाईने एकाच टिपेत चारी बाजू ओढल्यास कोपऱ्यात चुणी पडते. पडलीच तर उसव. उसवायला लाजायचं नाही.

मापं स्वतःची स्वतः घेऊ नकोस. टेप धरताना हात वर जातो आणि माप बदलतं. वहिनीला सांग. श्वास रोखायचा नाही, पोट आत घ्यायचं नाही. छाती 36 इंच असेल तर झब्ब्याला चारेक इंच सैलपणा धर, म्हणजे 40. कापड चौघडी घालून कापणार असशील तर त्याचा चौथा भाग 10, वर शिवणीसाठी इंचभर माया. माया सोडताना कंजूषपणा करू नकोस, उद्या अंग भरलं तर तीच उपयोगी पडते. झारापकर पद्धतीच्या कटिंगच्या पुस्तकांवर कित्येकजणी शिकल्या, तूही वाच. पण पुस्तकातलं सूत्र सगळ्यांसाठी असतं. तुझा उजवा खांदा डाव्यापेक्षा किंचित उतरता आहे, लहानपणापासून तयार फ्रॉक तिथेच घसरायचा. दुकानातला मीडियम कुणासाठी कापलेला असतो कोण जाणे, तुझ्यासाठी नक्कीच नाही. तो खांदा सांभाळून कापायचं, एवढ्यासाठी तरी तू शिवायला शिकायलाच हवंस. आणि बाजूच्या शिवणीत खिसा घाल, मोबाईल मावेल एवढा खोल. बायकांच्या कपड्यांना खिसे नसतात याची मला फार चीड येते.

कापड महागाचं आणू नकोस. इथलं पॉपलीन किंवा कॅम्ब्रिक मी पाठवते. सॅटिन आणि जॉर्जेटच्या वाटेला वर्षभर जाऊ नकोस, ती कापडं कापतानाच हातातून सटकतात. कापडाच्या कात्रीने कागद कापायचा नाही, आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेव. प्रत्येक शिवण घातली की लगेच इस्त्री फिरव, मगच पुढची. घरी शिवलेला कपडा बाहेरून आणल्यासारखा दिसतो तो बराचसा या इस्त्रीमुळे.

झब्बा झाला की एकदा धुवून, दिवसभर घालून बघ. काखेत ओढ लागते का, खांदा मागे सरकतो का, ते वहीत लिही. मग हात वर करून काढलेला आणि हात खाली सोडून काढलेला, असे दोन फोटो पाठव. ब्लाउजचं माप त्यानंतर घेऊ.

तुझी,
आत्या