मांज्यात अडकलेलं वटवाघूळ

प्रश्न : रे रोडला आमच्या चाळीसमोरच्या झाडावर मांज्यात वटवाघूळ अडकलं. पोरं मदतीला धावली, पण हात लावावा की नाही कळेना. काय करावं?

उत्तर : उघड्या हाताने अजिबात नाही, घाबरलेलं वटवाघूळ चावतं. वनखात्याला १९२६ वर कळवा, तोवर कावळे-कुत्री दूर ठेवा. मांजा ओढू नका, पंखाचा पातळ पडदा फाटतो. चावलं किंवा ओरखडलं तर जखम १५ मिनिटं साबण-पाण्याने धुऊन लगेच डॉक्टर गाठा. रेबीजचा प्रश्न असतो.

मोठ्या फलाहारी वटवाघळाची मादी वर्षाला साधारण एकच पिल्लू देते, म्हणून प्रत्येक जीव मोलाचा. १९७२च्या वन्यजीव कायद्यात फळं खाणारी वटवाघळं ‘उपद्रवी’ प्राण्यांच्या यादीत होती. २०२२च्या दुरुस्तीत ती यादीच गेली. आता पोरांना एकच काम द्या : संक्रांतीनंतर झाडांवरचा मांजा उतरवून घेण्याचं.