पंप बदलण्याआधी काटा बघा

"फ्युएल पंप गेलाय, बदलावाच लागेल." बॉनेटही न उघडता बारामतीतल्या गॅरेजवाल्याने निकाल दिला. मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की गाडी गरम झाल्यावरच बंद पडते आणि गार झाली की आपली आपण सुरू होते. गरम झाल्यावर पंपही दगा देतो, मान्य. म्हणूनच आधी प्रेशर तपासा म्हणत होतो. "तुम्ही गाडी चालवा साहेब, दुरुस्ती आमच्यावर सोडा." पंप बदलला, मग प्लग, मग बॅटरी. सेल्फ जोरात फिरत असताना बॅटरी कशाला, याचं उत्तर आजतागायत मिळालेलं नाही. जुना पंप मागितला तर "भंगारात गेला".

नंतर लासुर्ण्याच्या अलीकडे, रात्री, आई शेजारी बसलेली असताना इंजिन पुन्हा गप्प. गचके नाहीत, काही नाही. उसाच्या ट्रॉल्या अंगावरून जात होत्या, निम्म्यांना मागे दिवा नाही. गॅरेजवाल्याला फोन केला तर म्हणे, "गाडीच जुनी झालीय तुमची."

इंदापूरच्या वायरमन काकांनी आधी ऐकून घेतलं. गाडी मुद्दाम तापवून बंद पडू दिली, सेल्फ मारायला लावला आणि म्हणाले, "आरपीएमचा काटा बघा." काटा शून्यावरच. मग त्यांनी क्रँक सेन्सरवर बाटलीतलं गार पाणी सोडलं, थोडं थांबले. पहिल्या सेल्फला गाडी सुरू! मला आनंद नाही झाला, संताप आला. सगळा खेळ त्या बोटभर सेन्सरचा होता आणि तो पंपाच्या मानाने कितीतरी स्वस्त.

इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला हाच सेन्सर सांगतो. त्याच्या आतली बारीक तार तापून तुटक झाली की ठिणगीही बंद, पेट्रोलही बंद. गार असताना मीटर लावला तर तो ठणठणीत दिसतो, म्हणून गरम असतानाच तपासायचा.

तुमची गाडी अशी अडली तर चावी ऑन करून मागच्या सीटखाली कान द्या. बहुतेक पेट्रोल गाड्यांत पंप दोनेक सेकंद गुणगुणतो. आवाज नसेल तर आधी फ्यूज आणि रिले, पंप नंतर. आवाज आहे, सेल्फ फिरतोय, पण काटा हलत नाही, तर क्रँक सेन्सरवर संशय घ्या. काही गाड्यांत काटा एरवीही हलत नाही, तेव्हा स्कॅनरवर आरपीएम बघायला सांगा. पी ०३३५ हा कोड याच सर्किटचा. पण कोड आला नाही म्हणजे सेन्सर चांगला, असं नाही. सेन्सरसोबत त्याचं वायरिंगही बघून घ्या.

सर्व्हिसिंग वेळेवर करा, त्रिकोणी रिफ्लेक्टर डिकीत ठेवा. आणि जुना पार्ट हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका. मेकॅनिकला राग आला तर येऊ द्या.