नख लावून बघ

अरे, डीफ्रॉस्टर गेलाय म्हणून लगेच गॅरेजवाल्याला होकार देऊ नकोस. तो सांगतोय तेवढ्यात तुझं महिन्याचं भाडं निघेल. मिनेसोटातल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात मीही असाच भाबडेपणा केला होता. ब्लोअरची मोटर नवी बसवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी मुलांना शाळेत सोडायला निघाले, तर काच होती तशीच धूसर. दोष गाडीत नव्हताच, माझ्या पुण्यातल्या सवयीत होता.

आपल्याकडे गाडीत बसलं की पहिलं काम काय? धूळ नको, रिक्षाचा धूर नको म्हणून आतलीच हवा फिरवायचं बटण दाबायचं. तेच, गाडीच्या चित्रात वळलेला बाण असलेलं. इथे हिवाळ्यात ते बटण म्हणजे शत्रू. चार माणसांचा श्वास, बुटांना चिकटून आलेला बर्फ, ओले कोट, सगळ्यांची वाफ आतच कोंडते आणि गार काचेवर जाऊन बसते. बाहेरची -20 अंशांची हवा मात्र कोरडी ठणठणीत असते. ती आत घेऊन तापवली की काचेवरचं पाणी पिऊन टाकते. म्हणून आधी ते बटण बंद कर. डीफ्रॉस्ट लावल्यावर एसी आपोआप सुरू झाला तर राहू दे, तो हवा सुकवायला असतो. फार गारठ्यात कॉम्प्रेसर स्वतःच बंद राहतो, त्याला बिघाड समजू नकोस.

तरी काच साफ होत नसेल तर नख लावून बघ, थर आतून आहे की बाहेरून. आतून असेल तर गाडीत कुठेतरी ओल आहे. मॅट उचलून खालचा गालिचा दाबून बघ. चिंब असेल तर रबरी मॅट आण, आणि बसताना पाय बाहेर ठेवून बूट एकमेकांवर आपटत जा. पण शेजारच्या सीटच्या पायाशीच ओल असेल, हवेला पाकासारखा गोडसर वास येत असेल आणि काचेवर पुसता न जाणारा चिकट थर बसत असेल, तर हीटर कोअर गळतोय. ते काम मात्र गॅरेजवाल्याचंच, बहुतेक गाड्यांत त्यासाठी अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. सांडलेलं कूलंट तेवढं लगेच पुसून घे. ते चवीला गोड आणि जहाल विषारी असतं. शेजाऱ्यांचं कुत्रं चाटेल.

बाहेरून बर्फ आहे आणि वितळत नाही? मग डॅशबोर्डच्या जाळीवर हात धर. वारा येतोय पण गार, की वाराच नाही?

गार असेल तर इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटची पातळी बघ. गरम इंजिनावर ते झाकण कधीच उघडायचं नाही, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. पातळी ठीक असेल तर पंधरा मिनिटं गाडी चालवून तापमानाचा काटा बघ. तो मधोमध येत नसेल, हायवेवर तर आणखी खाली घसरत असेल, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय. स्वस्तातला भाग, पण लोक त्याच्यावर शेवटी संशय घेतात. काटा बरोबर असेल तर हीटरकडे जाणारे दोन रबरी पाइप हळूच चाचपून बघ, पंख्यापासून हात आणि ओढणी-मफलर लांब ठेवून. एक गरम आणि दुसरा कोमट असेल तर कोअर तुंबलाय. दोन्ही गरम असूनही वारा गार येत असेल तर गाडी सुरू करून कान दे. डॅशबोर्डमागे पाल चुकचुकल्यासारखं टक-टक-टक ऐकू येतं का? गरम-गार हवेची झडप फिरवणाऱ्या इवल्या मोटरचे दाते तुटले की असा आवाज येतो.

वाराच नसेल तर आधी फ्यूज बघ. फक्त सर्वांत वरच्या वेगावर येत असेल तर ब्लोअरचा रेझिस्टर जळालाय. मंद येत असेल तर केबिन फिल्टर बघ, बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. माझ्या गाडीत एकदा उंदरानं सूर्यफुलाच्या बियांचं कोठार केलं होतं! आणि काचेच्या पायथ्याशी साठलेला बर्फ झाडून टाकत जा, हवा आत शिरते ती तिथूनच.

मागच्या काचेचं प्रकरण निराळं, तिथे हवा नसते, विजेच्या बारीक रेघा असतात. काचेवर वाफ धरली असताना बटण दाब. जी रेघ वाफ सोडणार नाही ती कुठेतरी तुटलेली असते. गाडीच्या सामानाच्या दुकानात त्यासाठी चांदीचा वीजवाहक रंग मिळतो, तेवढा सांधा भरायचा. सगळ्याच रेघा मेल्या असतील तर फ्यूज आणि काचेच्या कडेची जोडणी बघ. तिथे पाती मात्र कधी घासू नकोस.

घाई झाली म्हणून काचेवर कढत पाणी ओतायचं नाही, तडकते. बंद गॅरेजमध्ये गाडी तापत ठेवायची नाही, आणि बाहेर तापवतानाही एक्झॉस्टच्या नळीवरचा बर्फ आधी काढायचा, तो धूर जीव घेतो. वायपरच्या टाकीत उन्हाळ्यातलं पाणी शिल्लक असेल तर काढून हिवाळ्याचं भर. आणि वीतभर भोक खरवडून त्यातून बघत निघायचं नाही. बर्फानं-वाफेनं झाकलेल्या काचेची गाडी चालवायला इथल्या कायद्यानंच बंदी आहे.

उद्या सकाळी निघण्याआधी नख लाव, हात धर, आणि काय सापडलं ते मला फोन करून सांग. गॅरेजवाल्याला त्यानंतर.