परदेशगमनापूर्वीची धास्ती

प्रश्न : ऑक्टोबरपासून बर्लिनमध्ये पदव्युत्तर शिक्षणास प्रवेश मिळाला आहे, परंतु व्हिसा हाती आल्यापासून झोप उडाली, छातीत धडधडते, निर्णयच चुकला असे वाटते. काय करावे?
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : तुमची धास्ती ही निर्णय चुकल्याची साक्ष नव्हे, अपरिचिताच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मनाने शरीरास दिलेली ती आगाऊ वर्दी आहे, आणि छातीतील धडधड हा त्या वर्दीचाच भाग होय. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, तेव्हा घरचे पत्र पोहोचावयास आठवडे लागत. तुमच्या आणि आईच्या घड्याळांत हिवाळ्यातही साडेचार तासांचेच अंतर राहील.

भीती जोवर मोघम असते, तोवरच तिचा अंमल चालतो. म्हणून रोज सायंकाळी वीस मिनिटे वही घेऊन बसावे, डावीकडे काळजी आणि उजवीकडे तिची तजवीज लिहावी, आणि जिला तजवीज सुचत नाही तिच्यापुढे ‘तूर्त तहकूब’ असा शेरा मारून वही मिटावी. ‘जेवणाचे काय होईल?’ यास उत्तर एकच : आजपासून घरचा कुकर तुम्हीच लावावा. डिसेंबरात बर्लिनला उजेड जेमतेम आठ तास असतो, व त्याने मन खिन्न होते. तेव्हा दुपारी बाहेर फिरण्याचा परिपाठ तेथे पहिल्या आठवड्यापासूनच ठेवावा.

धडधड वाढल्यास श्वास घेण्यापेक्षा सोडण्यास अधिक वेळ द्यावा. दोन आठवड्यांत झोप व भूक पूर्ववत न झाल्यास मात्र संकोच न करता मानसोपचारतज्ज्ञांस भेटावे. शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.