पैसे कुणाच्या हातून जातात ते पाहा

निपाणी, बेळगाव, कागल भागातल्या पालकांचे आणि मुलांचे फोन मला अजून येतात. कुणाला परदेशी विद्यापीठाचा ऑनलाइन अभ्यासक्रम घ्यायचा असतो, कुणाला परीक्षेची फी डॉलरमध्ये भरायची असते, तर एखाद्या संशोधक विद्यार्थ्याला एकच लेख हवा असतो आणि प्रकाशक त्या एका लेखाचेच तीस-चाळीस डॉलर मागत असतो. सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: आज डॉलरचा भाव काय? मी सांगतो, भाव नंतर बघू. पैसे कुणाच्या हातून जाणार आणि पावती कुणाच्या नावाची येणार, ते आधी सांगा.

निपाणी परिसरातल्या एका महाविद्यालयात मी पदार्थविज्ञान शिकवलं आणि बरीच वर्षं ग्रंथालय समितीवर होतो. तेव्हा डॉलर महाग होता, पण खरी अडचण तो मिळतच नव्हता ही होती. ६ जून १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं आणि ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांना गेला. १ जानेवारी १९७४ पासून परकीय चलनाचा नवा, कडक फेरा कायदा लागू झाला. परदेशी पाठवायच्या प्रत्येक रकमेला कारण, कागद आणि परवानगी लागे. गावातल्या बँकेच्या शाखेत परकीय चलनाचा व्यवहार होत नसे, त्यासाठी कोल्हापूर नाहीतर बेळगाव गाठावं लागे. आमच्या भागातला पैसा तंबाखूचा. पण ही बिडीची तंबाखू, ती देशातच खपायची. व्यापाऱ्यांच्या पेढीवर रोकड खेळत होती, तरी डॉलरचा मार्ग त्या पेढीवरून जात नव्हता.

म्हणून आम्ही डॉलरचा नाद सोडून रुपयात काय मिळतं ते शोधायला लागलो. शोधल्यावर बरंच सापडलं. सोव्हिएत संघाशी भारताचा व्यापार रुपयात चालायचा, त्यामुळे मॉस्कोच्या मीर प्रकाशनाची पुस्तकं आपल्या चलनात आणि अगदी कमी किमतीत मिळायची. इरोडोवची पदार्थविज्ञानाची गणितं सोडवत मोठी झालेली एक पिढीच आपल्याकडे आहे. पेरेलमनचं मनोरंजक पदार्थविज्ञान मी वर्गात वाचून दाखवत असे. महाराष्ट्रात ही पुस्तकं लोकवाङ्मय गृहाकडे मिळत. इंग्लंडची महागडी पाठ्यपुस्तकं ब्रिटिश सरकारच्या मदतीनं ‘ईएलबीएस’ या स्वस्त आवृत्तीत येत. बेली अँड लव्हचं शस्त्रक्रियेवरचं जाडजूड पुस्तक मध्यमवर्गीय घरातल्या मुलाला परवडलं ते या आवृत्तीमुळे. काही अमेरिकी पुस्तकांच्या भारतीय आवृत्त्या इथंच छापल्या जात.

युनेस्कोची कुपनं ही सोय आज कुणाच्या आठवणीतही नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक देशांकडे डॉलर नव्हते आणि पुस्तकं तर हवी होती, म्हणून युनेस्कोनं १९४८ मध्ये ही योजना काढली. ग्रंथालयानं आपल्या देशाच्या चलनात कुपन घ्यायचं आणि ते परदेशी विक्रेत्याला पाठवायचं. विक्रेता ते युनेस्कोकडे देऊन आपले पैसे वसूल करायचा. आपल्याकडे ही कुपनं दिल्लीहून, शिक्षण मंत्रालयाच्या मार्फत मिळत. वेळ फार लागे. पण पैसा कुठून निघाला आणि कुठं पोचला याचा प्रत्येक टप्प्यावर कागद असे, आणि माझ्या दृष्टीनं त्या योजनेचं मोल यातच होतं.

एकच शोधनिबंध हवा असेल तर आम्ही सरळ लेखकाला पत्र लिहायचो. सोबत टपाल खात्याचं आंतरराष्ट्रीय उत्तर-कुपन जोडायचं, म्हणजे समोरच्याला परतीच्या तिकिटाचा खर्च पडत नसे. जर्मनीतून, जपानमधून प्राध्यापक आपल्या लेखाच्या छापील प्रती पाठवत, वर हातानं चार ओळी लिहीत. निपाणी कुठं आहे हे त्यांना माहीत नसणार, पण प्रश्न नीट विचारलेला असला की उत्तर यायचं.

मग १९९१ साल आलं. देशाच्या गंगाजळीत जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं चलन उरलं. १ आणि ३ जुलैला रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालं, डॉलर २१ रुपयांवरून २६ च्या आसपास गेला. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंडकडे तारण म्हणून गेलं. पेपरात लोक सोन्याबद्दल वाचत होते, आमच्या टेबलावर मात्र नियतकालिकांची बिलं होती.

परदेशी नियतकालिकांची वर्गणी आम्ही शहरातल्या एका एजंटामार्फत भरत असू. त्या वर्षीची रक्कम त्यानं आधीच, रुपयात, उचलली होती. अवमूल्यन झालं आणि त्याचं पत्र आलं: भाव वाढला, फरक पाठवा, नाहीतर अंक बंद. समितीतल्या काहींचं मत पडलं की देऊन टाकू, मुलांचं नुकसान नको. मी म्हणालो, आधी कोटेशन काढा. त्यात लिहिलेलं होतं, ‘पैसे पाठवण्याच्या दिवशीच्या दरानं’. म्हणजे प्रश्न भावाचा उरलाच नाही, पैसे पाठवले कधी हा उरला. एजंटाचं उत्तर गोलमाल होतं. मी थेट प्रकाशकाला एअरमेलनं पत्र टाकलं, आमचा मागणी क्रमांक देऊन. उत्तर आलं की या संस्थेच्या नावानं कोणतीही रक्कम जमा नाही. आमचे पैसे महिनोन्‌महिने त्याच्याच खात्यात पडून होते, आणि भाव वाढल्याचा भुर्दंड तो आमच्यावर टाकत होता. पत्रव्यवहार वाढला, काही रक्कम परत आली, काही बुडाली. मुलांचं ते वर्ष अंकांविना गेलं, याचा राग मला आजही येतो.

त्यानंतर आमच्याकडे नियम झाला. मध्यस्थ कितीही ओळखीचा असो, वर्गणी भरल्याचा प्रकाशकाचा कागद आल्याशिवाय बिल मंजूर करायचं नाही. पुस्तकांच्या बिलात चलनाचा दर मनाचा लावायचा नाही. ग्रंथविक्रेत्यांच्या संघटनांची गुड ऑफिसेस कमिटी जो दर ठरवते तोच हवा, आणि बिलावर तारीख हवी. ग्रंथपालांनी हे आजही धरून ठेवावं.

आता डॉलर मिळतो. २००४ मध्ये वर्षाला २५ हजार डॉलरपासून सुरू झालेली, परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची मुभा आज माणशी अडीच लाख डॉलरपर्यंत गेली आहे. पण बिडी वळणाऱ्या बाईच्या किंवा छोट्या शेतकऱ्याच्या घरात दोनशे डॉलर आजही दुर्मिळच. आणि तिथंच ‘आम्ही भरून देतो’ म्हणणारी मंडळी पोचतात.

मध्यंतरी एका मुलीचे वडील आले. म्हणाले, “सर, माझा मेव्हणा दुबईत आहे. तो तिकडनं फी भरतो म्हणतोय, आम्ही इथं त्याच्या आईला रुपये देऊ. बँकेची कटकट नको.” ज्यांचं माणूस आखातात आहे त्यांना हा मार्ग साधा वाटतो. तो साधा नाही. मेव्हण्यानं भाचीसाठी भेट म्हणून भरले आणि परत काही घेतलं नाही, तर प्रश्न नाही. पण तिकडे डॉलर आणि बदल्यात इकडे रुपये, हा व्यवहार फेरात बसत नव्हता आणि त्याच्या जागी २००० पासून आलेल्या फेमा कायद्यातही बसत नाही. दंड रकमेच्या तिप्पट होऊ शकतो. शिवाय पुढे व्हिसासाठी किंवा शैक्षणिक कर्जासाठी फी कुणी भरली हे दाखवायचं झालं, तर वडिलांच्या हातात काहीच कागद नसतो. मी त्यांना तिथल्या तिथं बेळगावच्या बँकेत पाठवलं.

बँकेतून पाठवताना पॅन लागतो, फॉर्म ए-टू भरावा लागतो, आणि त्यात कारण शिक्षणाचंच लिहिलं गेलंय का ते स्वतः वाचून बघा. वाटेतल्या बँकांचा आकार कोण सोसणार हेही तिथंच ठरवा. ते न ठरवल्यानं फी पंधरा-वीस डॉलरनं कमी पोचते आणि अर्ज अडकतो. शेऱ्याच्या रकान्यात विद्यार्थ्याचा नोंदणी क्रमांक हवाच. रक्कम मोठी असेल तर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला जातो. त्याचा दर अर्थसंकल्पात बदलतो, म्हणून त्या वर्षीचा विचारून घ्या. तो खर्च नाही, विवरणपत्र भरलं की हिशेबात मिळतो. बरेच पालक विवरणपत्र भरत नाहीत आणि हक्काचे पैसे सोडून देतात.

लहान रकमेला कार्ड बरं. त्यावर परदेशी व्यवहार आपल्याला सुरू करून घ्यावा लागतो, काम झालं की बंदही करावा. पैसे भरताना रुपयात की डॉलरमध्ये असं विचारलं तर डॉलर निवडा. रुपयात दाखवलेली रक्कम सोयीची वाटते, पण तो दर विक्रेत्याच्या बाजूचा असतो, आणि काही बँका त्यावरही आकार लावतात. ‘पहिला महिना मोफत’ असेल तर दुसऱ्या महिन्याचे पैसे कधी कापणार ते वहीत लिहून ठेवा.

आणि हे सगळं करण्याआधी रुपयाचा रस्ता बघा. अनुदानित महाविद्यालयांना ‘एन-लिस्ट’मधून हजारो नियतकालिकं वाचता येतात. सरकारी संस्थांसाठी १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ सुरू आहे. कितीतरी मुलांना आपल्या ग्रंथालयाचा लॉगिनच माहीत नसतो. राज्याच्या सीमेपलीकडच्या अर्जुननगरच्या मुलाचं विद्यापीठ कोल्हापुरात आणि निपाणीतल्या त्याच्या मित्राचं बेळगावात, म्हणजे दोघांच्या सोयी वेगळ्या. एकमेकांना विचारा, दोन्ही ग्रंथालयांत चौकशी करा. पदार्थविज्ञानाचे आणि गणिताचे लेख ‘अर्काइव्ह’वर फुकट मिळतात. आमच्याकडे रुपया कोसळला त्याच्या पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट १९९१ मध्ये, पॉल गिन्सपार्ग यांनी ते सुरू केलं.

तिथंही लेख मिळाला नाही तर लेखकाला ईमेल करा. लांबलचक ओळख नको. आपण कोण, कुठल्या महाविद्यालयात, कोणता लेख हवा आणि त्यातला कोणता मुद्दा आपल्याला अडला आहे, एवढं लिहा. अडलेला मुद्दा नक्की लिहा, उत्तर बहुतेक त्याच्यामुळेच येतं. आठवडाभर वाट बघून पुन्हा एकदा लिहायला लाजू नका.