आजारपणाआधी भरलेले पैसे

"डॉक्टर, तपासायच्या आधी सांगा, किती होतील?" हा प्रश्न मी दवाखान्यात रोज ऐकतो. विचारणाऱ्यांत बायका जास्त. पोराला ताप आला तर बाई त्याच दिवशी येते. स्वतःचे दुखणे मात्र वर्षानुवर्षे अंगावर काढते. हे आपल्याकडचेच, असे मला वाटे. पण ब्रिटनमध्येही १९४८ पर्यंत हेच चालू होते.

तिथे १९११ साली लॉइड जॉर्ज यांनी विम्याचा कायदा आणला. त्यामुळे कामगाराला डॉक्टर मिळाला. त्याच्या बायको-मुलांना मात्र, बाळंतपणापुरती थोडी रक्कम सोडली तर, काही मिळाले नाही. घरात एकच डॉक्टर परवडत असेल तर तो कमावत्याला, हा हिशेब सरकारनेही मान्य केला म्हणायचा!

वेल्समधील ट्रेडेगर या कोळसा-लोखंडाच्या गावाने हिशेब वेगळा मांडला होता. १८९० साली तिथल्या कामगारांनी वैद्यकीय मदत संस्था काढली. प्रत्येकाच्या पगारातून दर पौंडामागे काही पेन्स कापले जात आणि त्यातून संस्था स्वतःचे डॉक्टर नेमी. उपचार सगळ्या कुटुंबाला मिळत. पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेले डॉ. क्रोनिन इथे नोकरीला होते. याच गावात जन्मलेला आणि तेराव्या वर्षी खाणीत उतरलेला अन्यूरिन बेव्हन १९४५ साली ब्रिटनचा आरोग्यमंत्री झाला. गावात पाहिलेले त्याने देशाला लागू केले. फरक इतकाच, की पैसा मुख्यतः सरकारी करांतून आला. डॉक्टरांच्या संघटनेने कडाडून विरोध केला, तरी ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली.

मग दवाखान्यांत बायका येऊ लागल्या. कुणाचे अंग बाहेर आलेले, कुणाला अनेक वर्षांचा रक्तस्राव. खर्चाच्या धास्तीने कुणाला दाखवलेच नव्हते. आजार नवे नव्हते, फक्त आता ते डॉक्टरांसमोर आले. चष्म्यांचे तसेच. दुकानात मांडलेल्या चष्म्यांतून एखादा डोळ्याला लावून बघायचा आणि घ्यायचा, अशी अनेकांची रीत होती. पहिल्या वर्षी पन्नास लाखांवर चष्मे द्यावे लागले. खर्च अंदाजाबाहेर गेला. १९५१ साली चष्मे आणि कवळ्यांवर शुल्क बसले, तेव्हा बेव्हनने मंत्रिपद सोडले. शस्त्रक्रियेसाठी महिनोन्‌महिने थांबावे लागते ही तिथली तक्रारही खरी आहे. पण थांबणाऱ्याचे नाव निदान यादीत तरी असते. माझ्याकडे न येणारी बाई कुठल्याच यादीत नसते.

याच काळात आपल्याकडे सर जोसेफ भोर यांची समिती १९४३ साली नेमली गेली. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये, असे तिने १९४६ च्या अहवालात सांगितले. प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना त्यातलीच. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचे शुल्कही १५ ऑगस्ट २०२३ पासून बंद झाले. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांना हे ठाऊक नसते.

भगिनींनो, अंग बाहेर येत असेल, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसत असेल, तर लाजू नका. या आठवड्यात जवळच्या आरोग्य केंद्रात जा. तिथून ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी दिली, तर ती घरी ठेवू नका, घेऊन जा. सासूबाईंनाही विचारा; त्या आपणहून सांगणार नाहीत.