दुसऱ्या भाषेची पहिली वही
मुलांना इंग्रजी शिकविण्याची साधने कोठून आणावीत, असे पालक वारंवार विचारतात. या प्रश्नाचे उत्तर बाबासाहेबांच्या घरातच मिळते. सुभेदार रामजींनी त्यांच्याकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके व तर्खडकरांची भाषांतर पाठमाला करून घेतली. मराठी वाक्य घ्यावे आणि त्यास नेमका इंग्रजी शब्द शोधावा, ही भाषांतराची रीत.

पुढे एल्फिन्स्टन हायस्कुलात अस्पृश्य म्हणून बाबासाहेबांना संस्कृत नाकारले गेले. दुसरी भाषा म्हणून फारसी घ्यावी लागली. भाषेचे दार बंद होण्याचे दुःख ज्यांनी सोसले, त्यांनीच पुढे पालीचे व्याकरण व कोश सिद्ध केले. त्यांतील एका कोशात पाली शब्दांचे अर्थ इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी व गुजरातीतही दिले आहेत. महाराष्ट्र शासनाने हे लेखन १९९८ साली सोळाव्या खंडात प्रसिद्ध केले.

तात्पर्य, नव्या भाषेची वाट आपल्या भाषेतूनच जाते. म्हणून मुलांची घरची बोली अशुद्ध ठरवून खोडू नये. एका वहीत तीन रकाने आखावेत : बोली, प्रमाण मराठी आणि इंग्रजी. रोज पाच वाक्ये पुरेत. इंग्रजी न येणारी आईही पहिला रकाना सांगू शकते; तेथे तीच शिक्षिका असते.